बिल वेळेत निघू द्या

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने, वकिलांची ऑफिसं, शाळा, शिकवण्या आणि हाउसिंग सोसायट्या यांची दाटी आहे. प्रत्येकाला रोज काही ना काही लागतं: खाटांवरच्या चादरी, केसपेपर, गणवेश, डबे, रंगारी, वायरमन. ही कामं कोणाला मिळतात आणि त्यांचे पैसे कधी हातात पडतात, यावर रेल्वेच्या लोहापुलापलीकडच्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांचा महिना अवलंबून आहे.

त्याच बाजूला, जुम्मा तलावाजवळ, एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड तिथे १९०१ मध्ये आला, देशात त्याचा कायदा होण्याच्या अर्धशतक आधी. १९८६ मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली आणि त्या जागेवर मॉल आला. गिरण्यांच्या जगात भेदभाव होताच. मुंबईत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. तरीही पगाराचा दिवस ठरलेला असे. त्या भरवशावर वाणी उधार देई, मुलांची फी भरली जाई. गिरणी गेली तेव्हा नोकरीबरोबर हा भरवसाही गेला.

त्या वस्त्यांतली बौद्ध, मुसलमान, हलबा कोष्टी कुटुंबं आज स्वतःचे लहान धंदे करतात. हातमाग थंडावल्यावर हलबा कोष्टी घरांतून सावजी भोजनालयं निघाली आणि त्यांचं नाव झालं. त्यात मसाल्याइतकाच रोखीचा हात आहे, असं मला वाटतं. गिऱ्हाईक जेवून उठतं आणि गल्ल्यावर पैसे ठेवून जातं. जो माल पोचवून बिल ठेवतो, त्याचं तसं नसतं.

मोमिनपुऱ्यातले एक शिलाईवाले चाचा माझ्या ओळखीचे आहेत. ते दवाखान्यांसाठी चादरी, उशांचे अभ्रे आणि पेशंटचे गाऊन शिवतात. गाऊनचे बंद ते दुहेरी शिवतात, कारण लाँड्रीत पहिल्यांदा तेच तुटतात. गांधीबागेच्या बाजारातून कापड रोखीने आणायचं, शनिवारी कारागिरांचा हिशेब करायचा, आणि स्वतःच्या बिलासाठी मात्र अकाउंट्सच्या खिडकीशी चकरा मारायच्या. "ताई, काम तर भरपूर आहे, पण बिलच निघत नाही," असं ते म्हणतात. मधल्या दिवसांत व्याजाने पैसे उचलावे लागतात आणि शिलाईतला नफा त्या व्याजात जातो.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि हे संरक्षण वस्तू बनवणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे चाचांना पक्कं ठाऊक आहे. ज्याला कोणाच्या तरी शब्दावर पहिल्यांदा आत प्रवेश मिळाला, तो भांडायला धजत नाही.

केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून, असं धोरण आहे. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी त्यात वेगळा वाटा नाही. खासगी दवाखाना किंवा सोसायटी तर या धोरणात येतच नाही. तिथे सगळं तुमच्या-माझ्या इच्छेवर आहे. आणि ही इच्छा धास्तीने आटू शकते. मार्च २०२५ मध्ये शहराच्या महाल भागात दंगल झाली, अनेक भागांत संचारबंदी लागली. संचारबंदी उठली म्हणून गिऱ्हाईकाच्या मनातली धास्ती त्याच दिवशी उठत नाही, आणि त्याची झळ दंगलीशी काही संबंध नसलेल्या कारागिराला बसते. अशा वेळी त्याची जुनी बाकी चुकती करणं आणि नवी ऑर्डर देणं, हीच खरी सोबत.

म्हणून धंतोलीकरांना माझं सांगणं आहे. तीन कोटेशनं मागवाल तेव्हा त्यांतलं एक तरी इंदोऱ्यातून, पाचपावलीतून किंवा मोमिनपुऱ्यातून मागवा. दर आणि दर्जा जरूर पाहा, पण ते पाहण्याआधी नाव पाहून कोणाला वगळू नका. कापडाचे पैसे आगाऊ द्या. शाळांनी वाचनालयाची यादी करताना दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकं मांडणाऱ्या छोट्या प्रकाशकांना जूनमध्येही विचारावं. आणि बिलं चुकती करण्याची महिन्यातली एक तारीख ठरवून ती ऑफिसच्या दारावर लावावी. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मी ७ तारखेचा ठराव मांडणार आहे. तुमच्याकडेही कोणीतरी मांडावा.