लाइन कोणी थांबवायची?

नगर-पुणे रस्त्यावरच्या सुपा एमआयडीसीत चीनच्या मिडिया (Midea) कंपनीचा कारखाना उभा आहे. जपानी उद्योगांसाठीही एमआयडीसीने तिथेच जागा राखली आहे. नगर शहरातला एल अँड टीचा स्विचगिअर कारखाना 2020 मध्ये फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. जिल्ह्यात एमबीए किंवा इंजिनिअरिंग केलेली मुले-मुली अशाच ठिकाणी सुपरवायझर किंवा एचआरमध्ये लागतात. वर परदेशी नाहीतर परप्रांतीय साहेब, हाताखाली पारनेर-श्रीगोंद्याचे आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार. या दोहोंच्या मधे उभे राहणे पहिल्या पाळीपासून त्यांच्या वाट्याला येते. त्याची तयारी वर्गात कशी होते, याचा विचार व्हायला हवा.

आंतरसांस्कृतिक व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तक उघडले की गीर्ट हॉफस्टेड भेटतात. या डच अभ्यासकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या आणि निरनिराळ्या देशांना गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठ यांतले अंतर मान्य करण्यात भारताला 77 मिळाले. हे काम मोठे आहे, ते शिकवलेच पाहिजे. पण विद्यार्थी आकडा पाठ करतो आणि ‘भारतीय माणूस साहेबापुढे बोलत नाही’ एवढेच मनात घेऊन बाहेर पडतो. ते आकडे एकाच कंपनीच्या नोकरदारांकडून आले, त्यात ठेकेदाराकडचा रोजंदार नव्हता, हे सांगायचे राहून जाते.

टोयोटाच्या पद्धतीत दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची आणि गरज पडल्यास लाइन थांबवायची, असा नियम आहे. थांबवणाऱ्याला शाबासकी मिळते. हाच नियम आपल्याकडच्या एखाद्या कारखान्यात लागू झाला असे धरू. फलक मराठीत लागतो, प्रशिक्षण होते. तरीही समोरून वाकडा पार्ट पुढे सरकत असताना कामगाराचा हात दोरीपर्यंत जात नाही. साहेब म्हणतो, इथली माणसे दोष लपवतात. पुस्तकातला 77 चा आकडा त्याला दुजोरा देतो. प्रत्यक्षात तो कामगार ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. टार्गेट चुकले तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील, ही त्याची धास्ती असते. त्याच्या शेजारी उभा असलेला कायम कामगार कदाचित बिनदिक्कत दोरी ओढेल. दोघांची भाषा एक, गाव एक. नोकरीच्या अटी तेवढ्या वेगळ्या.

संस्कृती कुठे संपते आणि करार कुठे सुरू होतो, हे ओळखता येणे, हाच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. जपानी माणसाला वाकून नमस्कार कसा करावा, हे दोन दिवसांत शिकता येते. कामगार गप्प का आहे, हे कळायला त्याच्याशी बोलावे लागते.

त्यासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर गळीत हंगामात बीड-पाथर्डीकडून कोयते, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या जोड्या, येतात. कारखाना, मुकादम आणि उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडी यांच्यातला व्यवहार हा माणसे सांभाळण्याचा अवघड धडा आहे. तो किती वर्गांत शिकवला जातो?

पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र नगरजवळ बाबुर्डी घुमटला आहे. सुपा व नागापूर या एमआयडीसींतले आणि साखर कारखान्यांतले खरे प्रसंग नावे वगळून लिहून घ्यायचे आणि ते जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांना द्यायचे, एवढे काम या उपकेंद्राने हाती घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक पूर्ण पाळी कामगारांसोबत काढावी, रात्रीची असेल तर उत्तमच, तिचा अहवाल लिहावा आणि विषयाचे निम्मे गुण त्या अहवालाला असावेत. अहवाल मराठीत लिहायची मुभा हवी, म्हणजे ज्याच्याशी बोलून तो लिहिला त्या कामगाराला तो वाचून, ‘हे असे नव्हते’ म्हणून दुरुस्त करता येईल.