द्वारपालाची परीक्षा

पूर्वीं घरांतील मुलगा नोकरीच्या मुलाखतीस निघाला म्हणजे वडील मंडळी त्याच्या हातावर दही घालीत, आणि तो कारकुनीस चालला कीं शिक्षकीस, हें सर्वांस ठाऊक असे. दही घालण्याची चाल अजून आहे. पण चिरंजीव किंवा कन्या ज्या जागेसाठीं निघाली, तिचा अर्थ मात्र आईबापांस पुष्कळदां उमगत नाहीं. ‘नेटवर्क सिक्युरिटी इंजिनिअर’ ही त्यांपैकींच एक जागा. तिच्या उमेदवारास काय विचारतात, आणि काय विचारावयास हवें, याचा विचार या महिन्यांत करूं. परीक्षा घेण्यांत माझें आयुष्य गेलें. विषय नवा असला तरी परीक्षेचीं तत्त्वें जुनींच आहेत, असें मला दिसून आलें.

प्रथम हें काम काय तें पाहूं. बँक, रुग्णालय, कारखाना, कोणतीही संस्था घ्या. तिचे संगणक एकमेकांशीं व बाहेरच्या जगाशीं जोडलेले असतात, आणि माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपानें त्या जोडणीवरून जात-येत असते. कोणतें पाकीट सोडावें व कोणतें अडवावें याचे नियम फायरवॉल नांवाच्या यंत्रणेंत घालणें, आंत शिरलेला परका ओळखणें, आणि रात्रीं दोन वाजतां कांहीं बिघडलें तर तें शोधून काढणें, हें या अभियंत्याचें काम. थोडक्यांत, तो संस्थेचा द्वारपाल होय. द्वार फोडलें गेलें म्हणजे काय होतें, हें पुणेकरांस सांगावयास नको. ऑगस्ट २०१८ मध्यें कॉसमॉस बँकेवर हल्ला करणाऱ्या चोरट्यांनीं खोटा स्विच उभा केला, एटीएममधून येणाऱ्या मागण्या बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोंचूं न देतां परस्पर मंजूर केल्या, आणि २८ देशांतून पैसे काढविले. दोन दिवसांनीं हाँगकाँगमधील एका खात्यावर आणखी रक्कम धाडली. एकंदर सुमारें ९४ कोटी रुपये गेले.

एवढ्या जबाबदारीच्या जागेसाठीं माणूस निवडण्याची रीत मात्र अनेक ठिकाणीं घोकंपट्टीचीच आहे. “पोर्ट क्रमांक ४४३ कशाचा? ५३ कशाचा? टीसीपी आणि यूडीपी यांत भेद काय?” उमेदवारही अशा शंभर प्रश्नांचीं उत्तरें पाठ करून येतो. ४४३ हा सुरक्षित संकेतस्थळांचा, आणि ५३ हा नांवावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेचा, हें ठाऊक असावेंच. पाढ्यांवांचून गणित येत नाहीं. पण पाढे म्हणून दाखविले म्हणजे गणित आलें, असें कोणता शिक्षक म्हणेल?

जुन्या पाठशाळांत शलाकापरीक्षा म्हणून एक प्रकार असे. पोथींत सळई खुपसावी, ती ज्या पानावर थांबेल तें उघडावें, आणि विद्यार्थ्यानें तेथून अर्थ सांगूं लागावें. घोकणारा कोण व जाणणारा कोण, हें तेथें क्षणांत कळे. माझा एक जुना विद्यार्थी आज अशा अभियंत्यांच्या मुलाखती घेतो. तो मला म्हणाला, “सर, आम्हीही तेंच करतों. नेटवर्कवरून गेलेल्या पाकिटांची नोंद उमेदवारापुढें उघडून ठेवतों, आणि म्हणतों, वाचा.” त्याचा एक प्रश्न येथें देतों, तो समजण्यास अभियंता असण्याची जरूर नाहीं.

दोन संगणक टीसीपीच्या रीतीनें बोलूं लागण्यापूर्वीं तीन निरोपांची देवघेव होते. पहिला म्हणतो, “बोलूं का?” दुसरा म्हणतो, “बोला. मीही बोलूं का?” पहिला म्हणतो, “बोला.” मग संभाषण सुरू होतें. आतां उमेदवारास अशा दोन नोंदी दाखवावयाच्या कीं, दोहोंतही पहिला निरोप गेला, पण संभाषण झालें नाहीं. एकींत तत्काळ नकार आला आहे. दुसरींत नुसतीच शांतता आहे, आणि पहिला संगणक तोच निरोप पुनःपुन्हा पाठवीत आहे. फरक काय? नकार आला याचा अर्थ बहुधा असा कीं, निरोप घरापर्यंत पोंचला, पण त्या दाराशीं ऐकणारें कोणी नाहीं. शांततेचा अर्थ बहुधा असा कीं, वाटेंतील फायरवॉलनें निरोप गुपचूप टाकून दिला, किंवा उत्तरास परतीची वाट सांपडली नाहीं, किंवा पलीकडचें यंत्रच बंद आहे. चांगला उमेदवार ‘बहुधा’ हा शब्द सोडीत नाहीं; कारण कांहीं फायरवॉल मुद्दाम नकारही धाडतात, हें त्यास माहीत असतें. मग तो विचारतो, “पलीकडच्या टोकाची नोंद पाहावयास मिळेल काय?” माझा विद्यार्थी म्हणतो, “सर, एवढें ज्यानें विचारलें, त्यास अर्धे गुण मी तेथेंच देतों.”

शांततेस भुलणें हा या व्यवसायांतील घातक दोष आहे. २०१७ मध्यें अमेरिकेंतील इक्विफॅक्स या कंपनीकडून १४ कोटींहून अधिक लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. ज्या सॉफ्टवेअरमधील छिद्रांतून चोर शिरले, त्याची दुरुस्ती मार्चमध्येंच प्रसिद्ध झाली होती. पण कंपनीच्या एका यंत्रणेंत ती बसविली गेली नाहीं. मेपासून चोर आंत वावरत होते. सांकेतिक रूपांत जाणारी-येणारी माहिती तपासण्यासाठीं एक उपकरण होतें खरें. परंतु त्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हांच संपल्यामुळें तें कांहींच तपासत नव्हतें. जुलैअखेर प्रमाणपत्र नवें केलें, आणि संशयास्पद वर्दळ लागलीच दिसूं लागली. ही हकीकत सांगून उमेदवारास विचारावें, “पहारेकरी जागा आहे कीं नाहीं, हें तुम्ही कसें पाहाल?” उत्तम उत्तर साधें असतें: “ठराविक वेळीं मीच एक निरुपद्रवी चाचणी सोडून घंटा वाजते का पाहीन, सर्व मुदतींची यादी ठेवीन, आणि नेहमीं येणाऱ्या नोंदी एकाएकीं थांबल्या, तर तीच धोक्याची खूण मानीन.”

ज्ञानाइतकेंच शील महत्त्वाचें, कारण या माणसाच्या हातीं सर्व किल्ल्या जावयाच्या असतात. कौटिल्यानें अमात्यांची शुद्धता धर्म, अर्थ, काम व भय या चार उपधांनीं पारखावयास सांगितली आहे. मुलाखतींत तेवढा खटाटोप नको. पूर्वीच्या कामाविषयीं विचारलें तरी पुरे. जो जुन्या मालकाच्या यंत्रणेंतील उणिवा भडाभडा सांगतो, तो उद्यां आपल्याही सांगेल. जो “तपशील सांगतां येणार नाहीं, काम करण्याची रीत सांगतों,” असें म्हणतो, त्याच्यावर विसंबावें. मात्र खोदून खोदून विचारून त्याला मोहांत पाडूं नये. निर्दोषास दूषित करणारी परीक्षा म्हणजे पाण्यांत विष कालविणें होय, असा इशारा त्याच कौटिल्यानें देऊन ठेविला आहे.

आतां परीक्षकांच्या धर्माविषयीं. इंग्रजी सफाईनें बोलणारा उमेदवार पहिल्या पांच मिनिटांतच मंडळास जिंकतो, आणि तालुक्याच्या गांवाहून आलेला, अडखळत बोलणारा मागें पडतो. यावर उपाय आहे. सर्वांस तेच प्रश्न त्याच क्रमानें विचारावे, आणि गुणांची कसोटी आधींच लिहून ठेवावी. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनीं १९९८ मध्यें ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला, त्यांत अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांहून अधिक भरंवशाची ठरली. २०२२ मधील नव्या आढाव्यांत तर ती सर्व पद्धतींत अग्रस्थानीं आली. माझ्या विद्यार्थ्याच्या मंडळापुढें असेच दोघे आले होते. एकानें प्रत्येक प्रश्नाचें उत्तर ठोकून दिलें, दुसऱ्यानें दोनदां “माहीत नाहीं, पण अमुक ठिकाणीं पाहीन,” असें सांगितलें. मंडळाचा कल पहिल्याकडे होता. लिहिलेले गुण मोजले, तेव्हां पहिल्याचीं चार उत्तरें छातीठोक, परंतु चुकीचीं निघालीं. जागा दुसऱ्यास मिळाली. फायरवॉलचा नियम अंदाजानें बदलणारा माणूस एका ओळीनें सारी संस्था उघडी टाकूं शकतो. म्हणून येथें ‘माहीत नाहीं’ हें उणेपण नसून योग्यता आहे.

ज्यांच्या घरीं असे उमेदवार असतील, त्यांनीं त्यांस प्रश्नोत्तरांचीं पुस्तकें कमी आणि जुने दोन संगणक अधिक द्यावे. वायरशार्क हें पाकिटें वाचण्याचें साधन विनामूल्य मिळतें. त्यानें आपल्या घरचीच वर्दळ रोज तासभर वाचावी. दुसऱ्याचें दार मात्र त्याच्या परवानगीवांचून चांचपूं नये; माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणें त्याबद्दल शिक्षा होऊं शकते, आणि कायदा नसता तरी तें द्वारपालास शोभलें नसतें.