उद्याची गोष्ट कोण सांगणार?

मैत्रिणींनो,



हा अंक विज्ञानकथांवर काढू या असं मी सुचवलं, तेव्हा गटातल्या दोघी-तिघींनी सरळच विचारलं, "मजुरीचे, मारहाणीचे, रेशनचे प्रश्न समोर असताना ही रॉकेटं आणि यंत्रमानव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. जुन्नर-आंबेगावातच ते सापडलं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जवळजवळ २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. कुणाच्या कांद्याच्या वावराला लागून एखादी, कुणाच्या उसापलीकडे एखादी. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी या दुर्बिणीनं टिपल्याचं २०२३ साली जाहीर झालं. आणि २०२५ साली, शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला, बिबट्यानं मान धरू नये म्हणून शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालत होत्या. एखाद्या लेखकानं हे दोन्ही एका कथेत घातलं असतं, तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच!

दोष दुर्बिणीचा नाही. तिला नेमून दिलेलं काम ती चोख करते. पण कुठल्या प्रश्नावर बुद्धी आणि पैसा लावायचा हे जिथे ठरतं, तिथे ती पट्टा घातलेली बाई नसते. उद्या कसा असावा याचं चित्र दुसरेच काढतात आणि आपण त्या चित्रात राहायला जातो. म्हणून विज्ञानकथा हा आपला विषय आहे.

हे चित्र कसं असतं ते पडद्यावर पाहा. २०१६ साली 'बहू हमारी रजनी कांत' ही मालिका आली. तीत घरची सून यंत्रमानव. २०२४ साली 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' हा सिनेमा आला. त्यातही नायकाला आवडलेली मुलगी यंत्रच निघते. हसवण्यासाठी केलेल्या गोष्टी आहेत, मान्य. पण हसू कशावर येतं? न थकणारी, उलट न बोलणारी, बटण दाबलं की कामाला लागणारी सून, हे स्वप्न काही आजचं नाही. यंत्र नवं, अपेक्षा जुनीच. शतकाहून अधिक काळ सिनेमा काढणाऱ्यांना भांडी घासणारा जावई का सुचला नाही, हे आपण विचारायला हवं.

उलट, बाईनं उद्याचं चित्र काढलं की काय होतं? १९०५ साली बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी इंग्रजीत 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'नं ती छापली. संपादक कमला सत्यनाथन, म्हणजे मासिकही बाईच्याच हातातलं. या कथेत पुरुष पडद्यात आहेत. बायकांच्या विद्यापीठांनी ढगातलं पाणी उतरवून घ्यायची आणि सूर्याची उष्णता साठवायची युक्ती शोधली आहे. स्वयंपाक होतो सूर्याच्या उष्णतेवर, धुराशिवाय! स्वतः पडद्यात वाढलेल्या बाईला भविष्याचा विचार करताना आधी चूल आठवली. नंतर, १९११ साली, याच रोकेयांनी कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली. स्वप्न आणि शाळा यांत फार अंतर नव्हतं.

रेडिओ दुर्बिणीची गोष्टही बाईची आहे. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीनं कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर एक नियमित ठोका हेरला. परग्रहावरचे 'छोटे हिरवे लोक' बोलताहेत की काय, अशी थट्टाही झाली. तो निघाला पल्सार हा नव्याच प्रकारचा तारा. १९७४ साली त्याबद्दलचं नोबेल गेलं तिच्या मार्गदर्शकाला. १९९७ च्या 'कॉन्टॅक्ट' सिनेमातल्या एलीचंही तेच. आकाशातला संदेश ती ऐकते, आणि बोलायला माइकपुढे तिचा वरिष्ठ येतो. कार्यकर्त्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

योगायोग असा की त्याच १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ, पुढे मुलांसाठी गणितावर गोडीनं लिहिणाऱ्या. नारळीकरांच्या विज्ञानकथेची ही सुरुवात बाईच्या अक्षरात आहे. पुढे शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांनी स्वतःच्या कथा स्वतःच्या नावानं लिहिल्या. पण विज्ञानकथा म्हटलं की आपल्याला आधी किती बायकांची नावं आठवतात?

गेल्या शिबिरात मी एक खेळ घेतला. 'वीस वर्षांनी तुमच्या गावात कोणतं यंत्र असावं?' रॉकेट कुणीच मागितलं नाही. एकीला रात्रीच्या लाइटीवर दारं धरणारं यंत्र हवं होतं. एकीला नवऱ्याला भाजी निवडायला शिकवणारं. खूप हशा झाला. मग डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची एक आजी म्हणाली, "हिरडा वेचायचं यंत्र नको. वेचायला आम्ही आहोत. भाव आम्ही सांगू तोच पडेल असं यंत्र काढा." सगळ्या गप्प झाल्या. तंत्रज्ञान कुणाच्या हातात, याची याहून नेमकी मांडणी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. शाळेच्या पोरी जातात. त्यांच्या आयांनाही घेऊन जा. गटात महिन्यातून एक विज्ञानकथा मोठ्यानं वाचा आणि त्यात बाई कुठे आहे ते विचारा. तिसरं, हा शिबिरातला खेळ तुमच्या गावात घ्या आणि जे निघेल ते लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दुसरीनं लिहून घ्यावं, फक्त नाव मात्र सांगणारीचं घालावं.

नाणेघाटातल्या सातवाहनांच्या राणी नागनिकेच्या लेखात दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे कोरलेले आहेत. बाईचं नाव आणि गणित, दोन्ही या डोंगरांना नवं नाही. पुढचं काय कोरायचं ते आपण ठरवू.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

तुमची,
संपादक