दोनशे चौदा कोटींची मूळ संख्या

२१४७४८३६४७. दोनाच्या ३१व्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. धन-ऋण दोन्ही संख्या मांडणाऱ्या ३२ बिटांच्या मोजणीची ही मर्यादा, म्हणून संगणकवाल्यांना ती तोंडपाठ असते. २०१४ साली ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने हा आकडा ओलांडला आणि यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, जुन्या प्रणालींची सेकंद मोजणारी घड्याळे याच आकड्यावर पोचतील. अशा बातम्या आल्या की ती मूळ संख्या असल्याचेही कौतुकाने सांगितले जाते. त्या बातमीशी या गुणाचा काडीचा संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटांची मर्यादा चक्क सातने भागली जाते. मधली, ३२ बिटांची, तेवढी मूळ निघाली, इतकेच.

तिचा खरा मान गणितज्ञ ऑयलरच्या कामात आहे. १७७२ साली दृष्टी जवळजवळ गेलेली असताना त्याने ती मूळ असल्याचे बर्नुलीला कळवले. भाजक शोधायचा तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत, जावे लागते. पण इथे भाजक असलाच तर त्याला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरायला हवी. या चाळणीतून सुटणारी पहिली मूळ संख्या ३११. तिच्याआधीच्या ६३ मूळ संख्यांना हातही लावायचा नाही. ३११ने भागले तर बाकी ३५ उरते, की पुढची घ्यायची. असे पावणेचारशेच्या आत भागाकार. हे कष्ट नव्हेत, हा कष्ट वाचवण्याचा कळस आहे.

पुढे १८११ साली बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले, की या संख्येतून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (जिच्या स्वतःहून लहान भाजकांची बेरीज तीच संख्या येते) मोठी कुणी शोधणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या. दोन्ही अंदाज फसले. मोठ्या परिपूर्ण संख्या तर सापडल्याच, आणि १९८८ साली पार्क व मिलर यांनी यादृच्छिक आकडे काढण्यासाठी हीच मूळ संख्या पुढे केली. हातातल्या आकड्याला १६८०७ने गुणा, २१४७४८३६४७ने भागा, बाकी घ्या, पुन्हा तेच. एकापासून निघालात तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. भाजकाहून लहान अशी प्रत्येक धन संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय एकही आकडा परत येत नाही. इथे मात्र तिचे मूळ असणे खरोखर राबते. भाजक संयुक्त संख्या असता तर ही फेरी पुरी झालीच नसती. (पासवर्डसाठी ही युक्ती वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.)

१६८०७ म्हणजे सातचा पाचवा घात. तो चालतो, कारण सात एकटाच ही फेरी पुरी करतो आणि २१४७४८३६४६च्या अवयवांत पाच नाही. ते अवयव असे: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. वर १६ बिटांच्या मर्यादेत आलेले तिघेही यात आहेत. ते का, हे वाचकांनी कागदावर सोडवून पाहावे. शाळेतले वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुरेल.