आधी माती, मग ड्रोन

उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीशेजारचे मातीचे डोंगर पाहून हल्ली एक सूचना हमखास येते: ड्रोनने बीजगोळे टाका, जंगल उभे राहील. माणूस पोचत नाही तिथे यंत्र पोचेल. तेलंगणाने २०२१ मध्ये ड्रोनने बी पेरण्याची 'हरा बहारा' मोहीम काढली, मग खाण चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सने (वेकोलि) का नको?

मुळात हे डोंगर दुर्गम आहेत, हेच खोटे. डंपर रात्रंदिवस वर चढले म्हणून तर ते झाले. खाणीच्या पोटातला दगड, मुरूम आणि चिकणमाती तिथे ओतलेली आहे. त्यात सेंद्रिय अंश नावापुरता, नत्र जवळपास नाही. खणताना वरची सुपीक माती वेगळी राखली नसेल, तर तीही तळाशी गाडली जाते. वर मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन. आणि गोल गोळा सुट्या उतारावर थांबेल कसा? पहिल्याच सरीत तो पायथ्याशी.

बियांचे गणितही कुणी मांडत नाही. मोहाचे बी पावसाच्या तोंडावर पिकते आणि काही आठवड्यांत उगवणशक्ती गमावते. हिवाळ्यात हौसेने वळून ठेवलेल्या गोळ्यात मोह असलाच, तर तो मेलेला. मग साठवणीत टिकणारे, कुठेही फोफावणारे बी पुढे येते. चंबळच्या घळींत १९८० च्या दशकात विमानातून वेडी बाभूळ पेरली. ती अशी रुजली की आता हटवता हटत नाही.

तरीही 'ड्रोन म्हणजे निव्वळ तमाशा' हे मला मान्य नाही. ढिगाऱ्याच्या सपाट टप्प्यांवर मजूर खड्डे खणू शकतो. मधल्या घसरत्या उतारावर त्याला चढवणे मात्र जिवावरचे. तिथे पावसाच्या सुरुवातीला ड्रोनने स्थानिक गवताचे बी जरूर टाकावे. गवताने माती धरली, की पुढच्याला थारा मिळतो. टप्प्यांवर काय करायचे, ते नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने याच जिल्ह्यात, गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर दाखवले आहे: साखर कारखान्यातला गाळ (प्रेसमड), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी देऊन रोपे जगवली. ऐन, धावडा, बीजा, मोह यांची रोपे इथे अशीच लावावीत; बी आसपासच्या गावकऱ्यांकडून, ज्या त्या हंगामात, रोख विकत घ्यावे.

राहता राहिले कंत्राट. किती गोळे टाकले यावर पैसे मिळत असतील, तर गोळेच पडतील. निम्मे देयक तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत रोखावे, आणि जिवंत झाडे मोजायला त्याच ड्रोनला पुन्हा उडवावे.