भाव खेळाडूचा, भाव सालदाराचा

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'खेळाडूंचा लिलाव हा खेळाचा अपमान आहे.' मी विषयाच्या बाजूने बोलले. माणसाला बैलबाजारातल्या बैलासारखे उभे करतात, त्याच्यावर बोली लावतात, असे बरेच काही मी तावातावाने म्हटले. टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांकही मिळाला. आज मात्र ते भाषण मला पुन्हा करता येणार नाही. माझे मत बदलले आहे. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे वडील देवळी तालुक्यात पंधरा वर्षे सालदार होते. आमच्याकडे सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. वर्षाची रक्कम, वर काही ज्वारी-गहू, अंगावरचे कपडे, पायातली चप्पल, सगळे तोंडी. थोडी उचल त्याच दिवशी मिळते आणि ती मागचे देणे फेडण्यात संध्याकाळपर्यंत संपते. सालदार कामावर आला नाही, तर खाडा पडतो. खाड्याचे पैसे कापले जातात, नाहीतर साल संपल्यावर तेवढे दिवस भरून द्यावे लागतात. एका वर्षी बाबांच्या पायावरून भरल्या बंडीचे चाक गेले. सव्वीस दिवस ते खाटेवर होते. मालकाने सव्वीस खाडे मोजले. त्यात मालकाला काही वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर बाबांनाही वाटले नाही. तशीच रीत होती.

३१ मे २०२५ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला गुजरातच्या संघाने २ कोटी २३ लाखांना घेतले. घरात मी मोबाईलवर ही बातमी मोठ्याने वाचत होते. बाबा सुपारी कातरत ऐकत होते. मला वाटले, आकडा ऐकून ते थक्क होतील. ते म्हणाले, "हे त आपल्या पाडव्यावानीच व्हय. पन पोरी, याचा पाय मोडला त खाडे कोन भरीन?"

माझ्या भाषणात हा प्रश्न कुठेच नव्हता.

प्रश्न किती खरा आहे, हे सिद्धार्थ देसाईकडे पाहिले म्हणजे कळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा चढाईपटू. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या एका हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ साली तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. पुढे २०२१ च्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला बहुतेक सामन्यांना मुकावे लागले. २०२२ च्या लिलावात त्याच संघाने त्याला २० लाखांना घेतले. २०२३ साली हरयाणाच्या संघाने पुन्हा १ कोटी दिले. माणूस तोच, खेळ तोच. भाव मात्र खांद्याबरोबर वरखाली झाला.

कोणी म्हणेल, पैसा आला म्हणून हे दिवस आले. पूर्वी खेळ निर्मळ होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला कबड्डी दाखवली, ती काही लिलावात विकली जाऊन नव्हे. त्या पथकाबद्दल मला आदर आहे. परंतु पैसा नव्हता तेव्हा खेळाडू सुखी होता, असे मी मानत नाही. २०१४ साली पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, आणि तीही तेव्हा स्वप्नासारखी वाटली. कारण त्याआधी कबड्डीपटूला नोकरी लागली तर लागली, नाहीतर घरी बसणे. लिलावात निदान आकडा चारचौघांत बोलला जातो, कागदावर येतो. बाबांचा आकडा मालकाच्या ओसरीवर हळू आवाजात ठरत असे.

आता माझ्या दादाविषयी. तो आमच्या भागातला चांगला पकडपटू. हिवाळ्यात गावोगावी दिव्यांच्या उजेडात खुले सामने होतात. मोठ्या बक्षिसासाठी संघवाले बाहेरचे खेळाडू एका रात्रीपुरते आणतात. दादालाही असेच एका गावच्या संघाने नेले. बोली दीड हजारांची, जेवण वेगळे. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा फिरला. संघवाल्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडले, हातात पाचशे रुपये दिले आणि अंतिम सामन्यासाठी परत गेले. तो सामना ते हरले, म्हणून उरलेले हजार मिळाले नाहीत. आज दादा जिना चढताना कठडा धरतो. तो तेवीस वर्षांचा आहे.

मी चुकीच्या ठिकाणी रागावले होते. दोष बोली लावण्यात नाही. ज्याची बोली लागते त्याला बोलता येत नाही आणि मोडल्यावर तो कोणाचाच नसतो, दोष तिथे आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथे करार संपला तरी खेळाडू जुन्याच संघाचा राहत असे. संघ त्याला परस्पर दुसऱ्याकडे देऊ शके. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूने अशा बदलीला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याचा खेळ संपल्यातच जमा होता. पण १९७५ च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादाने ती पद्धत मोडली आणि करार संपल्यावर संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. फ्लड भरपूर पगार घेणारा होता. पैसा मिळतो म्हणून गप्प बसावे, असे त्याला वाटले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आम्हा मुलींची तर गोष्टच वेगळी. २०१६ साली मुलींचे तीन संघ करून प्रो कबड्डीबरोबर थोडे सामने खेळवले, आणि पुढच्या हंगामात ते दिसले नाहीत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी अंतिम सामना २६-२५ असा जिंकला. त्या सुवर्णपदकाचा भाव कोणी विचारला? मी अपमान म्हणत होते त्या लिलावाच्या दारापर्यंतही आम्ही पोहोचलेल्या नाही.

मोठ्या लिलावांत काय व्हावे, ते माझ्या हाती नाही. पण वर्धा जिल्ह्यातल्या गावच्या सामन्यात काय व्हावे, हे आपण ठरवू शकतो. बक्षिसाच्या रकमेतून काही भाग दुखापतीसाठी आधीच बाजूला काढावा. बाहेरचा खेळाडू आणला, तर त्याची रक्कम आणि दवाखान्याची जबाबदारी चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी. आणि सुरुवात आपल्याच जिमखान्याने करावी: महाविद्यालयाच्या संघात नाव लागले, की त्या मुलाचा किंवा मुलीचा अपघात विमा उतरवलेला असावा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च थोडा कमी केला, तर एवढे होईल असे मला वाटते.

हा लेख लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "अन् सालदाराच्या सहीचं काय लिवलंस?" काही लिहिले नव्हते. म्हणून ही शेवटची ओळ त्यांच्यासाठी: तो कागद सालदारालाही हवा.