रडणाऱ्या माणसाला स्तुतीची सक्ती कशाला?



गेले काही आठवडे या पानावर उपासनेतल्या गाण्यांवरून बरीच पत्रं येत आहेत. एका बाजूला ड्रमसेट, गिटार, कीबोर्डवाली तरुण मंडळी आणि दुसऱ्या बाजूला पेटी-तबला व जुनं गीतपुस्तक छातीशी धरून बसलेले आमच्यासारखे. बेळगावातल्या एका मंडळीत मी चाळीसहून जास्त वर्षं पेटी वाजवते आहे, त्यामुळे मी कोणाच्या बाजूची हे वाचकांनी गृहीतच धरलं असेल. पण हे भांडण मला फारसं मोठं वाटत नाही. स्तोत्र १५० उघडून बघा. शिंग आहे, वीणा आहे, डफ आहे, नाच आहे, पावा आहे आणि झांजा आहेत, त्याही साध्या नव्हेत, चांगल्या दणदणीत. तेव्हा पवित्र शास्त्राच्या नावाने ड्रमसेटला दाराबाहेर काढता येणार नाही. आणि पेटी तरी आपली कुठली? ती १९व्या शतकात युरोपातून आली, कलकत्त्यात तिला हाताचा भाता मिळाला, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर ती भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून बंदीही घातली होती. आज तीच 'आपली जुनी परंपरा' झाली आहे. पन्नास वर्षांनी कीबोर्डचंही तसंच होईल. (आवाज मात्र थोडा कमी करावा. दवाखान्यात कान तपासून घेण्याची वेळ येऊ नये एवढंच म्हणणं आहे.)

माझी तक्रार वेगळी आहे. स्तुती म्हणजे काय, याबद्दल आपल्यात एक समजूत पसरत चालली आहे आणि तिचा त्रास सगळ्यात जास्त दुःखातल्या माणसांना होतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरात तरुण कर्ता माणूस गेला. मागे बायको, दोन लहान मुलं आणि अंथरुणावरची सासू. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली होती. बाहेरगावचे एक वक्ते आले होते, त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. त्यांनी सांगितलं की विश्वासणाऱ्याच्या घरात रडणं शोभत नाही, अश्रू म्हणजे सैतानाला दिलेली जागा. मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, "बहीण, हात वर करा आणि हालेलूया म्हणा." तिने हात वर केले. म्हटलंही. सगळ्यांनी आमेन केलं. नंतर आम्ही स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळत होतो, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मी ते मनातून म्हटलं नाही. देवासमोर खोटं बोलल्याचं पाप लागंल काय?"

नवरा जाऊन तीन दिवस झालेल्या बाईच्या मनात हा प्रश्न घालून आपण घरी गेलो. याला मी स्तुती म्हणायला तयार नाही.

हालेलूया हा शब्द आपण रोज वापरतो. मूळ इब्री भाषेत ते दोन शब्द आहेत. 'हालेलू' म्हणजे स्तुती करा आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचं छोटं रूप. त्यातलं 'करा' हे अनेकवचनी आहे. 'तू कर' असं नाही, 'तुम्ही सगळे मिळून करा' असं आहे. म्हणजे तो हुकूम मंडळीला आहे. एकट्या रडणाऱ्या बाईकडे बोट दाखवून देण्याचा तो हुकूम नव्हे. तिच्या तोंडून शब्द फुटत नसेल तेव्हा बाकीच्यांनी म्हणायचं, ती नुसती बसली तरी चालतं. मंडळी कशासाठी असते मग?

दुसरी गोष्ट. ज्या पुस्तकाला आपण स्तोत्रसंहिता म्हणतो, त्याला यहूदी लोक 'तहिल्लीम' म्हणतात, म्हणजे स्तवनं. आता या स्तवनांच्या पुस्तकात आहे काय? अभ्यासक मोजून सांगतात की १५० पैकी एक तृतीयांशाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. किती वेळ, देवा? मला का विसरलास? माझी हाडं झिजली, माझं अंथरूण आसवांनी भिजलं. अशा तक्रारींना त्या लोकांनी वेगळं पुस्तक काढून दिलं नाही. सगळं मिळून एकाच नावाखाली ठेवलं. देवाच्या तोंडावर खरं बोलणं हीसुद्धा त्यांच्या लेखी स्तुतीच असावी, असं मला वाटतं. उगीच वाटत नाही. 'तोदा' हा उपकारस्तुतीचा इब्री शब्द आहे. यहोशवाच्या ७व्या अध्यायात आखानाने लुटीतला माल लपवला, तेव्हा यहोशवा त्याला परमेश्वराला 'तोदा' द्यायला सांगतो. तिथे त्याचा अर्थ होतो, खरं काय ते कबूल कर. एकाच शब्दात उपकार मानणंही आहे आणि सत्य बोलणंही आहे. मग मनात नसलेला हालेलूया कोणत्या खात्यात टाकायचा?

याच धातूशी यहूदा हे नाव जोडलेलं आहे, आणि ते नाव कोणी ठेवलं ते आपण विसरतो. ते लेआने ठेवलं. बापाने फसवून याकोबाच्या गळ्यात बांधलेली, नवऱ्याला नकोशी असलेली लेआ. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात तिच्या मुलांची नावं ओळीने वाचा. पहिला रऊबेन, देवाने माझं दुःख पाहिलं म्हणून. दुसरा शिमोन, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं म्हणून. तिसरा लेवी, आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल म्हणून. म्हणजे तीन बाळंतपणं झाली आणि तिन्ही नावांत बाईचं एकच दुखणं आहे. चौथ्या वेळी ती म्हणते की आता मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि मुलाचं नाव यहूदा ठेवते. याकोबाचं मन बदललं होतं का? अजिबात नाही. राहेलच आवडती होती आणि पुढेही राहिली. पण ती स्तुती लेआची स्वतःची होती, तिच्या वेळेला आली, तीन नावांचं रडं रडून झाल्यावर. पहिल्या बाळंतपणातच कोणी तिला सांगितलं नाही की "बाई, रऊबेन कसलं नाव ठेवतेस, काहीतरी विजयाचं ठेव." आणि याच यहूदाच्या वंशात दावीद झाला, आणि आपला प्रभूही.

प्रभूचंच बघा ना. वल्हांडणाच्या भोजनानंतर तो आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मार्क सांगतो. यहूदी रीतीप्रमाणे त्या रात्री ११३ ते ११८ ही हल्लेलची स्तोत्रं म्हणत, तीच असणार. त्याच अध्यायात पुढे आठ वचनांवर तो शिष्यांना म्हणतो की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे. गाणं आणि हे रडणं यांत फार तर डोंगर चढायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते २२वं स्तोत्र, देवाने का टाकलं असं विचारणारं. त्या स्तोत्रात मंडळीत स्तुती करण्याची गोष्ट येते, नाही असं नाही, पण ती २२व्या वचनात येते. आधीची एकवीस वचनं गाळून थेट तिथे उडी मारता येत नाही.

८८व्या स्तोत्रात तर तेही येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार याच शब्दावर संपतं. त्याच्या मथळ्यात कोरहाच्या मुलांचं आणि हेमानाचं नाव आहे. ही मंदिरातली नेमलेली गायक मंडळी, आजच्या भाषेत वर्शिप टीम. त्यांनी हे गाणं बदललं नाही की शेवटी एक आशेचं कडवं जोडलं नाही.

मला ठाऊक आहे, यावर काय उत्तर येईल. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते की नाही? यहोशाफाटाने सैन्यापुढे गायक पाठवले की नाही? अंजिराला फळ नसलं आणि गोठ्यात गुरं नसली तरी आनंद करीन असं हबक्कूक म्हणाला की नाही? सगळं खरं आहे, आणि ते माझ्या विश्वासाचाही आधार आहे. पण फिलिप्पैच्या तुरुंगात पाठ पौलाची फुटली होती आणि गात होता तोही पौलच. बाहेर पंख्याखाली बसून कोणी त्याला "गा" म्हणून सांगत नव्हतं. तोच पौल रोमकरांस लिहितो की रडणाऱ्यांबरोबर रडा. हबक्कूक शेवटच्या अध्यायात आनंद करतो, पण त्याचं पुस्तक सुरू होतं ते 'किती वेळ हाक मारू' या तक्रारीने. आणि ईयोब? पहिल्या अध्यायात त्याने वस्त्र फाडलं, जमिनीवर पडला आणि परमेश्वराचं नाव धन्य म्हटलं. तिसऱ्या अध्यायात त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. त्याचे मित्र आले, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, आणि त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. पुढे तोंड उघडून ते देवाची बाजू घेऊ लागले, आणि शेवटी देवाचा राग कोणावर झाला? ईयोबावर नाही, मित्रांवर.

या सक्तीच्या मुळाशी एक व्यवहार आहे, असा माझा संशय आहे. स्तुती केली की काम होतं, नाही झालं तर स्तुती कमी पडली. नोकरीसाठी स्तुती, व्हिसासाठी स्तुती. ही नवस बोलण्याचीच रीत झाली. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट उलट दिशेने चालते. बरे दहाही झाले, मागे फिरून मोठ्याने देवाचं गौरव करायला एकच आला, तोही शमरोनी. त्याला त्यातून काही मिळवायचं राहिलं नव्हतं. आणि देवाला तरी आपल्याकडून काय हवं असणार? ५०व्या स्तोत्रात तो सांगतोच की मला भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाही. देवाला स्तुती हवी कशाला, हा प्रश्न सी. एस. लुईस यांनाही पडला होता. स्तोत्रांवरच्या आपल्या १९५८ च्या पुस्तकात त्यांनी उत्तर दिलं आहे ते असं, की माणसाला जे आवडतं त्याचं कौतुक केल्याशिवाय त्याचा आनंद पुरा होत नाही. हे बेळगावकरांना समजावून सांगायला नको. चांगला कुंदा खाल्ला की शेजारच्याला "अगं, खाऊन बघ की" असं म्हटल्याशिवाय राहवतं का? तशी स्तुती आतून येते. हात धरून वर करायला लावली की ती कवायत होते.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे कळायला कठीण जाऊ नये. नारायण वामन टिळकांनी आपल्या उपासनेत भजन आणि अभंग आणले, आणि तुकोबांशी असलेलं आपलं नातं त्यांनी कधी लपवलं नाही. त्या परंपरेत भक्त देवाशी भांडतो, रुसतो, त्याला जाब विचारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहतो. ही मोकळीक आपल्याला घरातूनच मिळाली आहे. ती टाकून आपण कुठून तरी आलेला एकच एक हसरा चेहरा का उचलला, मला समजत नाही.

आणखी एक सांगून थांबते. इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात ओठांचं फळ म्हणून स्तुतीचा यज्ञ करायला सांगितलं आहे. हे वचन आपल्या बॅनरवर असतं. पुढचंच वचन, चांगलं करायला आणि आपल्यातलं दुसऱ्याला द्यायला विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो, हे बॅनरवर मावत नाही वाटतं. आमोसाच्या तोंडून देवाने तर स्पष्टच सांगितलं की तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून न्या, आधी न्याय वाहू द्या. त्या घरी मंडळीतल्या दोन बायका महिनाभर आलटून पालटून भाकरी-भाजी पोचवत होत्या. मुलांची शाळेची फी कोणीतरी भरली, कोणी ते अजून कळलेलं नाही. तिथे कोणी हालेलूया म्हटलं नाही, पण मला विचाराल तर त्या घरातली स्तुती ती होती.

त्या मुलीला मी पापबीप काही नाही म्हणून सांगितलं आणि ८८ हा आकडा कागदावर लिहून दिला.

पाळकसाहेबांना आणि गाणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे. अंत्यविधीला आणि तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला एक विलापाचं स्तोत्र पूर्ण वाचावं, मधलं गाळू नये. ज्यांच्या घरी मरण झालं आहे त्यांना उभं करून साक्ष किंवा गाणं मागू नये, निदान पहिले काही महिने. आणि एज्राच्या ३ऱ्या अध्यायाचा शेवट एकदा सगळ्यांनी मिळून वाचावा. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण आनंदाने ओरडत होते आणि जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते, आणि दोन्ही आवाज इतके मिसळले की लोकांना कोणता कुठला ते ओळखता येईना. त्यांना कोणी गप्प केल्याचं तिथे लिहिलेलं नाही. ड्रमसेटच्या भांडणावरही यातून काहीतरी निघेल. येत्या रविवारी पेटीवर मी आहेच, ताल कोणी का धरेना.

— एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव